चूल घालणे, ओटा बांधणे, गॅस बसविणे : लोणी काळभोर परिसरातील अल्पखर्ची स्वयंपाकघराचा इतिहास

मराठी मुलखातील घराचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा दिंडीदरवाज्यापासून निघते, सोप्यावर रेंगाळते, चौक ओलांडून माजघरापर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते. पुढची खोली अंधारी व धुराने काळवंडलेली असते म्हणून असे होते, की त्या खोलीत कागदपत्र निर्माण होत नाहीत म्हणून होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वाडा बांधला तर सुतार, गवंडी, चुना, सागवान यांचे हिशेब मागे राहतात. चूल मोडून नवी घातली तर एका पैचाही हिशेब राहत नाही. आणि तरीही सामान्य कुणब्याच्या घरात वारंवार मोडला गेलेला, दुरुस्त झालेला व नव्याने रचला गेलेला भाग कोणता असे विचारल्यास स्वयंपाकघर हेच उत्तर येते. थोडक्या खर्चात स्वयंपाकघर नवे करून घेणे हा अलीकडच्या शहरी संसाराचा उद्योग समजला जातो, पण तो फार जुना आहे. जुन्या काळी त्याचा खर्च पैशात मोजला जात नव्हता, इतकाच काय तो फरक. मात्र हा फरक क्षुल्लक नव्हे. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील लोणी काळभोर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून या फरकाचा मागोवा घेणे शक्य आहे. मात्र त्यासाठी दप्तरांपेक्षा शब्दांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

लोणी काळभोर हे गाव पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर, मुळा-मुठा नदीच्या दक्षिण बाजूस आहे. लोहमार्गाचे लोणी स्थानक जवळच आहे. खडकवासल्याचे धरण १८८०च्या आगेमागे पुरे झाले व मुठा उजव्या कालव्याचे पाणी हडपसरपासून पाटसपर्यंतच्या पट्ट्यास मिळू लागले. तेव्हापासून हा मुलूख बागाइती झाला. येथे एक घोटाळा आधीच दूर करणे इष्ट आहे. ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासकांना ‘लोणी’ हे नाव परिचित असते ते टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराच्या लेखामुळे. पेशवाई बुडाल्यावर लगेच त्याने पुण्याजवळच्या एका गावाची पाहणी केली आणि तो वृत्तान्त मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहात १८२३ साली छापला गेला. पण ते लोणी म्हणजे नगर रस्त्यावरील लोणीकंद. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाची पुन्हा पाहणी करून १९६० साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही लोणीकंदाविषयीच. लोणी काळभोर याच तालुक्यातील निराळे गाव आहे, आणि त्याच्या वाट्यास असा कोणी कोट्स आला नाही. तथापि जमीन, पीकपाणी, घरबांधणी व जेवणखाण यांत दोहोंचा मुलूख एकच असल्यामुळे एकाचा पुरावा दुसऱ्यास सावधपणे लावता येतो. यात पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाविषयी १९१७ साली व जातेगाव बुद्रुक या गावाविषयी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहण्यांची भर घालावी, म्हणजे पुण्याभोवतालच्या खेड्याचे शंभराहून अधिक वर्षांचे चित्र बरेचसे भरून निघते.

या पाहण्या मोलाच्या आहेत. पण त्यांची रीत मोजणीची आहे: जमिनीचे तुकडे, कर्ज, बैल, औते, धान्य, कापड आणि विकत आणलेली भांडी. चूल विकत आणली जात नाही, तेव्हा खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात तिला रकाना असण्याचे कारणच नाही. ज्या वस्तूवर घरातील एका माणसाचा दिवसाचा मोठा भाग खर्च होतो, ती वस्तू अर्थशास्त्राच्या दृष्टीने शून्य किमतीची ठरते. या शून्याच्या आत काय होते ते पाहण्यासाठी भाषेकडे वळावे लागते.

प्रथम नामे पाहू. चूल हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला, हे निराळे सांगावयास नको. तिच्या शेजारी तिच्याच जाळावर तापणारी दुसरी तोंडवजा जागा, ती वैल. तिला कोठे औल, कोठे उल्हा म्हणतात. चुलीमागचा, शिजलेले भांडे उतरवून ठेवावयाचा उंचवटा म्हणजे भानवस. भिंतीत कोनाडा आणि फडताळ, आढ्याला टांगलेले शिंके, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, दाराशी पाण्याचा रांजण, त्यापलीकडे मोरी. हाताशी फुंकणी व चिमटा. बसावयास पाट. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या यादीतील निम्म्याहून अधिक वस्तू सुट्या नाहीत. त्या भिंतीचा किंवा जमिनीचाच भाग आहेत. आजच्या भाषेत ज्यास ‘बसविलेले फर्निचर’ म्हणतात ते येथे मातीत घडवलेले होते, आणि ते घडविणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातीलच स्त्री होती.

आता क्रियापदे पाहावीत, कारण खरा पुरावा तेथे आहे. चूल ‘बांधत’ नाहीत. चूल ‘घालतात’ किंवा ‘मांडतात’. तीन दगड मांडून वेळ मारून नेणे ते मांडणे. माती कालवून, थापून, आकार देऊन कायमची करणे ते घालणे. घर मात्र ‘बांधतात’, भिंत ‘रचतात’, विहीर ‘पाडतात’. ‘बांधणे’ या क्रियेचा कर्ता सामान्यतः गवंडी असतो व त्याला मजुरी द्यावी लागते. ‘सारवणे’, ‘लिंपणे’, ‘पोतेरे घालणे’, ‘चूल घालणे’ यांचा कर्ता मोबदला घेत नाही. बोलणाऱ्याच्या मनात असे वर्गीकरण जाणीवपूर्वक असते असा दावा नाही. परंतु ग्रामीण बोलीत हा भेद इतका नियमाने पाळला जातो की, त्यास निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

चूल घालण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही. काळ्या रानाची माती पाणी ओढून फुगते आणि वाळताना भेगाळते, म्हणून ती एकटी चालत नाही. जुन्या पांढरीची माती किंवा तांबडी माती आणून ती चाळावी लागते, तीत शेण अथवा घोड्याची लीद आणि धान्याचा भुसा मिसळून मळावी लागते, एक दिवस मुरू द्यावी लागते. तोंडाची रुंदी घरात कोणते सरपण येते त्यावरून ठरते: बाभळीचे जाड लाकूड असेल तर निराळी, तुरीच्या काट्या व ज्वारीची धसकटे असतील तर निराळी, नुसत्या गोवऱ्या असतील तर आणखी निराळी. उंची तव्यापुढे बसणारीच्या हाताप्रमाणे. सासू जाऊन सुनेच्या हाती कारभार आला की चूल पुन्हा घालावी लागे, त्यात रुसव्याफुगव्याचा भाग असेल तसा मापाचाही असे. थोडक्यात, घरातील ही एकच रचना वापरणारीच्या मापाने घडत होती व पैशावाचून दर वर्षा-दोन वर्षांनी नवी होत होती.

चूल हे केवळ साधन नव्हे, ते कुटुंबाचे परिमाणही होते. सर्व घरास आमंत्रण द्यावयाचे तर ते ‘चूलबंद’ दिले जाई. भाऊ विभक्त झाले तर ‘चूल वेगळी झाली’ म्हणावयाचे. शेताचे वाटप पुढे केव्हा व्हायचे ते होवो. सोप्याचा एक कोपरा कुडाने आडवून तेथे दुसरी चूल घातली की विभक्तपणा गावाच्या दृष्टीने सिद्ध झाला. हिंदू कायद्यात मात्र केवळ जेवणखाण वेगळे होणे हा वाटणीचा निर्णायक पुरावा मानला जात नाही. कायद्याची भाषा आणि गावाची भाषा यांत येथे तफावत आहे, आणि स्वयंपाकघराच्या इतिहासाच्या दृष्टीने गावाची भाषा अधिक उपयोगी आहे. कारण मराठी खेड्यात नवे स्वयंपाकघर निर्माण होण्याचे सर्वांत मोठे कारण हौस हे नसून भाऊबंदकी हे होते.

धुराचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. देशावरील जुनी घरे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. त्या छतास चुलीच्या वरच्या बाजूस एक भोक ठेवीत. त्यास ‘साने’, बोलीत ‘सानं’. उजेड तेथून येई, धूर तेथून जाई आणि पाऊस लागला की ते झाकावे लागे. ही व्यवस्था आदर्श नव्हती. पण व्यवस्था होती. पुढे धाबे उतरवून पत्रा घालण्याची चाल पडली, त्यानंतर सिमेंटकाँक्रीटचा स्लॅब आला. दर दोन-तीन वर्षांनी छतावर माती टाकण्याचा त्रास त्यामुळे वाचला आणि गळती थांबली. परंतु स्लॅबला साने नसते. घर सुधारले आणि स्वयंपाकघर बिघडले, असा प्रकार या काळात किती घरांत झाला असेल याचा हिशेब करणे आता अशक्य आहे. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या श्वासाबरोबर किती धूर आत जातो, याचे प्रत्यक्ष मापन हिंदुस्थानात प्रथम गुजरातेतील खेड्यांत झाले आणि कर्क स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी ते १९८३ साली प्रसिद्ध केले. तोपर्यंत डोळ्यांतील पाणी हा स्वयंपाकाचा अपरिहार्य भाग समजला जात असे.

मापन उशिरा झाले तरी उपाय त्याआधीच सुरू झाले होते, आणि त्यांपैकी एक महाराष्ट्रातच. वर्ध्यास मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून धुराडे असलेली ‘मगन चूल’ १९४७च्या सुमारास पुढे आली. त्यानंतर हैदराबादेस एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा तयार केला व त्यावरील पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध केली. दोहोंचेही साहित्य मातीच होते, आणि दोहोंचाही दावा अल्पखर्चाचा होता. १९८३च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो राज्यांकडे सोपविला जाईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्याची सरकारी नोंद झाली होती. बसविल्या किती आणि पेटत्या राहिल्या किती, हे दोन आकडे निराळे. पहिल्याची नोंद ठेवणे सोपे असते.

या चुली मागे का पडल्या याची चर्चा अभियंत्यांनी पुष्कळ केली आहे: धुराड्यात काजळी साचते, नळी फुटते, तोंडे ठरावीक मापाची असतात. पश्चिम महाराष्ट्रापुरते आणखी एक कारण आहे आणि ते भाकरीचे आहे. भाकरीची एक बाजू तव्यावर भाजली की तवा उतरवून तिची दुसरी बाजू चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, टेकवून शेकावयाची असते. तेव्हा ती टम्म फुगते. त्यासाठी चुलीचे तोंड मोकळे व पुढे निखारे ओढण्यास जागा हवी. ज्या सुधारित चुलीचे तोंड इंधन वाचविण्यासाठी अरुंद केले गेले, तीत भाताचे भांडे उत्तम तापे. भाकरी मात्र कच्ची राही. भात खाणाऱ्या प्रदेशात चालणारा आराखडा भाकरी खाणाऱ्या प्रदेशात का चालू नये, याचे उत्तर आराखड्यात नव्हते, ते ताटात होते. गंमत अशी की, एका जाळावर दोन भांडी तापविण्याचे जे तत्त्व नवे म्हणून सांगितले गेले, ते वैलाच्या रूपाने गावात आधीपासूनच होते. ‘वैल’ हा शब्द ज्यांना ठाऊक होता त्यांना विचारून आराखडा काढला असता तर बरेच श्रम वाचले असते.

याची जाणीव पुढे झालीच नाही असे नाही. पुण्याच्या ‘समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थे’ने, म्हणजे ‘आरती’ने, १९९६ साली स्थापना झाल्यापासून या कामात लक्ष घातले. पत्र्याच्या साच्यात सिमेंटची चूल ओतून ती गावातल्या गावात विकणारे कारागीर तयार करणे, हा तिच्या उद्योगाचा एक भाग होता. याच संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली व तीस २००२ साली ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. लोणी काळभोरसारख्या कालव्याखालील गावाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. बागाइतीने जिराइताची काटक्या-धसकटे कमी केली आणि पाचटाचे ढीग वाढविले. पण पाचट भडकन पेटते व भडकन विझते, त्यावर भाकरी होत नाही. पिकाची निवड चुलीवर परिणाम करते, हे शेतीच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते. दरम्यान भाषेत एक लहानसा बदल घडला होता. साच्यातली चूल ‘घालीत’ नाहीत. ती ‘आणतात’ व ‘बसवितात’.

स्वयंपाकघरातील आणखी एक स्थित्यंतर कोणी ‘सुधारणा’ म्हणून नोंदविलेले नाही. ते म्हणजे जात्याचे जाणे. पिठाची गिरणी गावात आली तसे जाते कोपऱ्यात, तेथून परसात, तेथून पायरीच्या दगडात गेले. पहाटेचे काही तास मोकळे झाले, तशीच दोन-अडीच हात औरसचौरस जागा मोकळी झाली. ज्या घरांत पुढे ओटा बांधला गेला त्यांपैकी कित्येकांत तो या मोकळ्या जागेवर उभा राहिला असणे संभवनीय आहे. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही जाऊ लागल्या. पुण्यातील गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर जाते ठेवावयाच्या कोपऱ्यात बायका काय बोलत होत्या हे कळण्यास आज फारसा मार्ग उरला नसता.

आता ओट्याकडे वळावयाचे. ‘ओटा’ हा शब्द नवा नाही; त्याची जागा नवी आहे. गावच्या घरात ओटा म्हणजे दारापुढचा बांधीव उंचवटा. तेथे पुरुष बसत, येणारा-जाणारा टेकत असे, तंटे व सोयरिकी तेथे ठरत. आज पुण्याच्या परिघात कोणत्याही घरात ‘ओटा पुसून घे’ असे म्हटले तर कोणी घराबाहेर जात नाही. घराच्या अगदी दर्शनी, पुरुषी भागाचे नाव सर्वांत आतल्या, बायकी भागास चिकटले. असा अर्थप्रवास शब्दांच्या इतिहासात दुर्मीळ नसला, तरी त्याची दिशा येथे बोलकी आहे. बाहेरचा ओटा रस्तारुंदीत व मोटारीच्या जागेत नाहीसा होत असतानाच आतला ओटा उभा राहत होता. शेगडीचेही असेच झाले. कोळशाची, उचलून नेता येणारी ती शेगडी. तेच नाव आता वायूच्या यंत्रास मिळाले आहे. इंधनांची नावे तर व्यापाऱ्यांच्या गोणीतून आलेली: ‘रॉक ऑइल’चे रॉकेल आणि ‘गॅसलाइट’चे घासलेट.

बसून रांधणारी स्त्री उभी का राहिली? शहरी अनुकरण हे उत्तर नेहमी दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. मुंबईत १९५०–६०च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने नळकांड्यातील वायू घरोघर देण्यास आरंभ केला. इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ वायू १९६५ साली कलकत्त्यात प्रथम देण्यात आला. हा द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असतो; गळला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी जमिनीवर ठेवू नये, ती सिलिंडरच्या माथ्यापेक्षा उंच जागी ठेवावी, असा वितरकांचा दंडक पडला. सिलिंडर खाली आणि शेगडी वर, ही मांडणी जमिनीवरील चुलीच्या जागी जमत नाही. तिला ओटा लागतोच. तेव्हा ओटा ही केवळ चैन किंवा नक्कल नव्हती. कनेक्शन घ्यावयाचे तर त्याआधी गवंडी बोलवावा लागे, आणि वायूच्या खर्चात हा खर्च कोणी धरीत नसे.

बसण्याची सवय मोडताना अडचणी आल्या नाहीत असे नाही. सोवळे पाळणाऱ्या घरांत पाटावरून उठून उभ्याने नैवेद्याचा स्वयंपाक करावा की करू नये, याविषयी वाद झाले. कुणबी घरांत तो प्रश्न फारसा नव्हता, तेथे अडचण भाकरीची होती. पिठाचा उंडा परातीत थापताना अंगाचा भार हातावर यावा लागतो. ओटा दोन-तीन बोटे उंच झाला तर खांदा भरून येतो. गवंडी आपल्या अंदाजाने अडीच-पावणेतीन फुटांची उंची धरून चालतो. तो स्वतः भाकरी थापीत नाही. ज्या घरात चूल हाताच्या मापाने घडत होती तेथे ओटा परक्याच्या ओळंब्याने उभा राहिला.

थोडक्या पैशातील ओट्याचे एक ठरलेले तंत्र आहे. मोरी जेथे असेल तिच्या लगतच ओटा धरावयाचा, म्हणजे सांडपाण्याची नळी हलवावी लागत नाही. शक्य तर तो दोन भिंतींमध्ये टेकवावयाचा, म्हणजे विटांचा एक खांब वाचतो. वर एकसंध कडाप्पा टाकावयाचा, खालचा भाग उघडा ठेवून पडदा लावावयाचा. फडताळाच्या कोनाड्यास दार लावले की कपाट झाले. भिंतीवर लोखंडी किंवा स्टीलची मांडणी टांगली की उतरंडीचे काम भागले. जमिनीवर शेणाच्या सारवणाऐवजी शहाबादी फरशी. या दोन्ही दगडांची नावे म्हणजे गावांचीच नावे: शहाबाद हे कर्नाटकात वाडीजवळ, कडप्पा आंध्रात. मुंबई–मद्रास लोहमार्ग १८७१ साली रायचुरास सांधला गेला, त्या मार्गावर ही दोन्ही ठिकाणे आहेत आणि लोणीचे स्थानकही त्याच मार्गावर आहे. गावच्या स्वयंपाकघराचा पृष्ठभाग कालांतराने याच लोहमार्गाच्या दूरच्या टोकांकडील दगडाने झाकला गेला, ही गोष्ट नकाशा पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, म्हणून स्वस्त व घडविण्यास सोपे, आणि म्हणूनच चिंचेच्या कोळाने व लिंबाच्या रसाने डागाळणारे. ग्रॅनाइट डागाळत नाही, पण महाग पडते. स्वस्त ओटा कोणता व महाग कोणता हे चार आंबट थेंबांनी कळते.

अल्पखर्ची स्वयंपाकघराची कल्पना पश्चिमेकडे याच्या उलट दिशेने आली. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट नगरपालिकेने कामगारांसाठी स्वस्त घरे बांधली, तेव्हा मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या वास्तुतज्ज्ञ स्त्रीने १९२६ साली १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशा स्वयंपाकघराचा आराखडा केला. अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी घरकामातील पावले व मिनिटे मोजली होती, त्या विचाराचा त्यावर प्रभाव होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली आणि त्यांचा खर्च घरभाड्यात सामावला. तेथेही राहणाऱ्या बायकांनी तक्रारी केल्या: जागा एकीपुरतीच, मुलांकडे लक्ष ठेवता येत नाही. पण तेथे स्त्रीचे श्रम निदान घड्याळाने मोजले गेले. हवेली तालुक्यात कोणीही घड्याळ लावले नाही. मातीचे स्वयंपाकघर ‘फुकट’ आणि कडाप्प्याचे ‘खर्चिक’ असे जे सर्रास मानले जाते, त्यात माती आणणे, मळणे, सारवणे, सरपण गोळा करणे व धूर गिळणे यांची किंमत शून्य धरलेली असते. ती धरली तर जुने स्वयंपाकघर फार महाग होते. ते परवडत होते, कारण त्याचे पैसे मागणारा कोणी नव्हता. उलट गवंड्याची मजुरी रोख, म्हणून ओट्याचा निर्णय रोख रक्कम ज्याच्या हाती त्याच्याकडे गेला. चूल केव्हा मोडावयाची हे बायको ठरवीत असे. ओटा केव्हा बांधावयाचा हे नवरा ठरवू लागला. श्रम हलके झाले व अधिकारही हलका झाला. या दोहोंपैकी एकच गोष्ट सांगणारा इतिहास अपुरा होय.

सरकारी घरकुलांच्या नियमांत स्वयंपाकाच्या जागेने हळूहळू प्रवेश केला. १९८५–८६च्या सुमारास सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत घराबरोबर निर्धूर चूल अपेक्षित होती. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ वीसवरून पंचवीस चौरस मीटर झाले व त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा धरण्यात आली; सपाट प्रदेशात त्यासाठी साहाय्य १ लाख २० हजार रुपयांचे ठरले. याच वर्षी, १ मे २०१६ रोजी, उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यात कनेक्शन प्रौढ स्त्रीच्या नावे दिले जाते. घराच्या उताऱ्यावर जिचे नाव बहुधा नसते तिचे नाव वायूच्या पुस्तिकेवर आले, ही घटना लहान नव्हे.

लोणी काळभोरच्या बाबतीत या कथेला एक विशेष संदर्भ आहे. मुंबईकडून येणाऱ्या पेट्रोलियम-वाहिनीचे एक महत्त्वाचे ठिकाण येथे आहे, आणि तेल कंपन्यांचे मोठे साठे या गावच्या शिवारात उभे आहेत. टँकरांची रांग हे गावाचे नित्याचे दृश्य आहे. पण इंधनाच्या वाटेवर असणे निराळे आणि इंधन परवडणे निराळे. पुण्याच्या परिघातील गावांत सिलिंडर असलेल्या घरांतही चूल पुष्कळदा विझलेली नाही. ती आतून उठून मागच्या दाराशी, पत्र्याच्या आडोशाला गेली आहे. चहा, भाजी, पाहुण्यांचा स्वयंपाक ओट्यावर. आंघोळीचे पाणी, मोठे आधण आणि ज्वारी-बाजरीची भाकरी बाहेर. सिलिंडर महिन्याच्या अखेरीस संपला की सर्वच बाहेर. ज्यास धोरणकर्ते ‘मिश्र इंधनवापर’ म्हणतात ते वस्तुतः दोन स्वयंपाकघरे असलेले एक घर आहे, आणि त्यांतील दुसरे कोणत्याही आराखड्यात दाखविलेले नसते. स्लॅबखालच्या खोलीत कोंडणारा धूर मात्र तेथे मोकळा सुटतो. छताचे साने बुजल्यावर चुलीला जी वाट हवी होती ती तिने अशी स्वतःच शोधली.

या बाहेरच्या चुलीविषयी बोलताना वापरले जाणारे क्रियापद ऐकण्यासारखे आहे. ओटा बांधला, गॅस बसविला, आणि मागे चूल ‘घातली’. माती पांढरीची मिळत नाही, तेव्हा बांधकामावरची उरलेली चालते. लीद मिळत नाही, शेण अजून मिळते. वाटणीच्या बोलीतही बदल झाला आहे. भाऊ वेगळे झाले की आता ‘गॅस वेगळा केला’ असे म्हणतात, आणि एका कुटुंबास एकच कनेक्शन या नियमामुळे त्यासाठी आधी शिधापत्रिका वेगळी करून घ्यावी लागते.